करपलेल्या पुस्तकांची फळी

कुमुदताई वर्तक गेल्यानंतर सोळाव्या दिवशी मी त्यांची सगळी पुस्तकं अकारविल्हे लावली. ही चूक होती. सकाळी दहाला सुरुवात केली, दुपारी त्यांच्याच स्वयंपाकघरात चहा करून प्यायलो, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटचं पुस्तक फळीवर सरकवून, कमरेवर हात ठेवून, दिवंगत मैत्रिणीसाठी आपण केवढं काम केलं या समाधानात उभा राहिलो. प्रत्येक पुस्तकात एक घडी घातलेली चिठ्ठी होती. ती मी काढून टाकत गेलो… टाकत म्हणजे एका कापडी पिशवीत. दुसऱ्याची खाजगी चिठ्ठी उघडून वाचू नये एवढे संस्कार माझ्यावर आहेत, म्हणून एकही वाचली नाही. न वाचता उपटताना मात्र ते संस्कार आड आले नाहीत.

बातमी आली तेव्हा मी मेट्रोत होतो. फोन मेधाचा. मेधा ही कुमुदताईंची एकुलती एक मुलगी, गुरुग्रामला एका मोठ्या कंपनीत आहे. "काका, आई गेली. दुपारी वाचता वाचता झोपली, उठलीच नाही." यावर मी काय म्हणालो ते मला आठवत नाही. मेधा सांगते की मी विचारलं, "कुठलं पुस्तक?" आई गेल्याचं सांगणाऱ्या मुलीला हे विचारणारा मी एकटाच असेन. पण खरं सांगू, कुमुदताईंना तोच प्रश्न पटला असता. नंतर मी चुकीच्या स्टेशनवर उतरलो आणि फलाटावरच्या बाकावर कितीतरी वेळ बसून राहिलो. पहाऱ्यावरचा शिपाई दोनदा येऊन, "अंकल, तबीयत ठीक है?" असं विचारून गेला.

कुमुदताई मूळच्या सांगलीच्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या, एका मंत्रालयात स्टेनो म्हणून लागल्या, यजमान लवकर गेले, आणि मयूर विहारच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांनी मेधाला एकटीने वाढवलं. मी सरकारी परिपत्रकांचा मराठी अनुवाद करणारा माणूस. तीस वर्षं ज्याने परिपत्रकं शेवटच्या स्वाक्षरीपर्यंत वाचली, त्याला पुस्तक अर्ध्यात टाकणं म्हणजे ऑफिसातून रजा न टाकता निघून गेल्यासारखं वाटतं. माझ्या घरी पुस्तकं उंचीप्रमाणे लावलेली असतात, प्रत्येकाला खाकी कव्हर असतं, आणि एकही अर्धवट वाचलेलं नसतं. म्हणजे नसायचं. तसं मी सगळीकडे सांगायचो तरी.

आमची गाठ पडली ती दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात. तेव्हा तो फुटपाथवर भरायचा, आणि इंग्रजी-हिंदीच्या ढिगाखालून चुकून एखादं मराठी पुस्तक वर यायचं. असंच एक जाडजूड पुस्तक मी हेरलं होतं, तेवढ्यात एका बाईंनी उचललं. उन्हात उभ्या राहून त्यांनी पहिलं पान वाचलं, मग मधलंच कुठलंतरी उघडून वाचलं, आणि पुस्तक परत ढिगावर ठेवलं. माझ्या काखेतली मराठी पुस्तकं बघून म्हणाल्या, "घ्या. पण दीडशेच्या पुढे जायचा धीर तुम्हालाही व्हायचा नाही." मी ते पुस्तक निव्वळ खुन्नस म्हणून घेतलं. चारशे बारा पानं, मनातल्या मनात लेखकाला शिव्या घालत, एका आठवड्यात संपवली आणि पुढच्या रविवारी बाईंना शोधून काढून विजयी मुद्रेने सांगितलं. "मग? काय मिळालं?" त्या म्हणाल्या. मी जरा गडबडलो. पूर्ण केल्याचं समाधान, असं काहीतरी बोललो. "ते मला भांडी घासूनही मिळतं," त्या म्हणाल्या आणि पुढच्या ढिगाकडे वळल्या. त्या दिवसापासून आमची मैत्री झाली.

त्यांची वाचायची जागा म्हणजे स्वयंपाकघर. ऑफिस, बस, मेधाचा अभ्यास, यातून स्वतःचा असा वेळ उरायचा तो कुकर गॅसवर असतानाचा. ओट्याला टेकून ठेवलेलं एक लाकडी स्टूल, त्यावर बसून त्या नवं पुस्तक उघडायच्या. डाळीला तीन शिट्ट्या लागतात, पुस्तकालाही तेवढ्याच मिळतील, असा त्यांचा कायदा होता. तिसऱ्या शिट्टीला त्या चटकन उठून गॅस बंद करू शकल्या, तर समजायचं की पुस्तकात दम नाही. पुढच्या दिवशी आणखी एक संधी, फार तर दोन. नाहीतर बंद. हे सगळं मला माहीत होतं, त्यावर मी त्यांच्याशी तावातावाने भांडलोही आहे. लेखकाने चार वर्षं खपून लिहिलेलं तुम्ही डाळीवर तोलता, हा लेखकाचा अपमान आहे, वगैरे. त्यांचं म्हणणं असं की लेखकाने चार वर्षं घातली ती त्याच्या खुशीने. माझा अर्धा तासच आहे आणि तो मला कोणी दिलेला नाही, मी काढलाय. पुस्तक संपवणं हे कर्तव्य आहे असं मानणारी माणसं त्यांना लग्न निभावणाऱ्या माणसांसारखी वाटायची. "निभावतात बिचारी," त्या म्हणायच्या, "आणि आल्यागेल्याला सांगत बसतात."

मीही एक पुस्तक लिहिलं. नोकरीतल्या आठवणींचं, स्वखर्चाने छापलेलं. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या उपाहारगृहात मी त्यांना जेवायला बोलावलं आणि प्रत हातात दिली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 'चोखंदळ वाचक कुमुदताईंस' असं लिहून. पंधरा दिवसांनी घरी गेलो, चहा झाला, लाडू झाला, पुस्तकाचं नाव निघेना. शेवटी मीच निर्लज्जपणे विचारलं. "एकतिसाव्या पानावर सोडलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "देवस्थळी, तुमच्या पुस्तकात सगळे मूर्ख आहेत आणि तुम्ही एकटे शहाणे. ऑफिसात मी असल्या साहेबांची डिक्टेशनं घेतली आहेत. घरी नको." मी चार महिने त्यांच्याकडे गेलो नाही. पाचव्या महिन्यात गेलो ते एक लेख घेऊन, ज्यात मी एका मंत्र्यांच्या भाषणाचा अनुवाद करताना पहिल्या पानाच्या जागी धोब्याची यादी जोडून पाठवली होती त्याची हकिगत होती. त्यांनी तो तिथेच वाचला, दोनदा हसल्या, आणि कागद परत देताना म्हणाल्या, "आता जरा माणसात आलात." तेव्हापासून मी स्वतःच्या चुकाच लिहितो. विषय कधी कमी पडलेला नाही.

त्यांच्या शोकसभेचंही सांगायला हवं. आमच्या भागातल्या मंडळाने सभागृह घेतलं होतं. पाच वक्ते बोलले. कुमुदताईंनी आयुष्यात असंख्य ग्रंथ वाचून काढले, हाती घेतलेलं पुस्तक कधी खाली ठेवलं नाही, त्यांचा व्यासंग पुढच्या पिढीने घ्यावा. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं आणि गप्प राहिलो. आता इथे सांगतो: खोटं आहे. कुमुदताईंनी हाती घेतलेली अर्ध्याहून जास्त पुस्तकं खाली ठेवली, आणि ठणकावून ठेवली. हाच त्यांचा व्यासंग होता. मेलेल्या माणसाला सगळं वाचायला लावणं ही आपली जुनी खोड आहे. सभेच्या शेवटी चिटणिसांनी जाहीर केलं की त्यांचा ग्रंथसंग्रह मंडळ स्वीकारेल, काचेचं कपाट होईल, वर तसबीर लागेल, कुलूपकिल्ली कार्यालयात राहील. फक्त नावांची यादी तेवढी अकारविल्हे करून हवी.

आता कळलं असेल मी काय केलं आणि का. मेधाने मला बोलावलं होतं ते आठवण म्हणून एखादं पुस्तक घेऊन जा असं सांगायला. किल्ली माझ्याकडे देऊन ती ऑफिसला गेली. मी आतल्या खोलीत पाहिलं, तर पाच फळ्यांवर साडेसहाशेच्या आसपास पुस्तकं, कवितेला खेटून पाकशास्त्र, त्याच्या डोक्यावर आडवा प्रवास. कुमुदताई पुस्तक देताना नेहमी स्वतः आत जाऊन काढून आणायच्या, त्यामुळे ती खोली मी अशी कधी नीट पाहिलीच नव्हती. मला वाटलं, बिचाऱ्यांना म्हातारपणी झेपलं नाही. आपण लावून देऊ.

संध्याकाळी मेधा आली, दारात पर्स हातातच ठेवून उभी राहिली. मी कौतुकाची वाट पाहत होतो. तिने वरच्या फळीकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, आईची करपलेली कुठे गेली?"

मग तिने सांगितलं ते ऐकून मी, वरच्या फळीसाठी आत आणलेल्या त्यांच्या त्याच स्टुलावर बसलो. त्या फळ्या कुमुदताईंनी लावल्या होत्या तशाच बरोबर होत्या. सगळ्यात खाली 'कच्ची', म्हणजे तीन शिट्ट्यांत बाद झालेली. त्याच्यावर दोन फळ्या 'अर्धी कच्ची', मध्येच सोडलेली. मग 'शिजलेली', नीट शेवटपर्यंत वाचलेली. आणि सगळ्यात वर, छताजवळ, 'करपलेली': ज्यांच्यापायी डाळ करपली, दूध उतू गेलं, कुकरचा तळ काळा झाला ती. तिथे जागा मिळणं हा कुमुदताईंच्या घरातला सर्वोच्च सन्मान होता. मेधा लहानपणापासून हे बघत आली होती. मी, त्यांचा तीस वर्षांचा मित्र, शोकसभेत मनातल्या मनात सगळ्या वक्त्यांना खोटं ठरवणारा, मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. मेधाने बाकी सगळं मंडळाला द्यायचं ठरवलं होतं, वरची एक फळी सोडून. तेवढी तिला हवी होती. आईचं दुसरं काहीच नको होतं, दागिने नाहीत, साड्या नाहीत. आणि ती मराठी पुस्तकं वाचत नाही, तिचं सगळं शिक्षण दिल्लीत. त्यामुळे त्या फळीवर कुठली पुस्तकं होती हे तिला नावानिशी सांगता येईना. लाल कणा असलेलं एक होतं, एवढंच आठवत होतं. लाल कणे एकतीस निघाले.

आम्ही पिशवी पलंगावर ओतली. स्टेनोच्या वहीची पानं फाडून केलेल्या चिठ्ठ्या, त्यांवर कुमुदताईंचं बारीक, सरळ अक्षर. 'पान १८. नायिका सहन करते. करू दे.' 'पान ६४. पाऊस चार पानं पडतोय. मी छत्री घेऊन निघाले.' 'पान ७७. इथे सगळेच भले आहेत. माझं काय काम?' एकीवर होतं, 'पान २०९. अकराच पानं उरली आहेत. तरी नाही.' ही चिठ्ठी मी आता माझ्या पाकिटात ठेवली आहे, आणि पूर्ण वाचल्याचा टेंभा मिरवणाऱ्या प्रत्येकाला दाखवतो. आणि मग वेगळ्या सापडल्या. 'पान १४२. तूर. पातेलं टाकून दिलं.' 'पान ५३. दूध. ओटा पुसला, पुढे वाचलं.' 'पान ११६. काही नाही, गॅस लावलाच नव्हता.' एक मेधाने उचलली आणि अक्षर अक्षर लावत वाचली. 'पान २११. साबुदाणा. मेधाने ब्रेड खाल्ला.' "मला आठवतो तो ब्रेड," ती म्हणाली, "मी खूप रडले होते…"

करपलेल्यांच्या चिठ्ठ्या अडतीस भरल्या. पण एकाही चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव नाही. पुस्तकातच राहणाऱ्या चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव कोण लिहील? असा अडाणी कोणी येऊन त्या उपटील हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार. काही जुन्या पुस्तकांत चिठ्ठीचा पिवळट चौकोन उमटला होता, त्यावरून दहाबारा सुटली. बाकीच्यांसाठी एकच मार्ग होता. चिठ्ठीवरचं पान साडेसहाशेतल्या एकेका पुस्तकात काढायचं, मोठ्याने वाचायचं, आणि ठरवायचं की या पानावर कुमुदताई गॅस विसरल्या असत्या का.

पुढचे नऊ रविवार आम्ही तेच केलं. मेधा गुरुग्रामहून सकाळी यायची, मी चालत जायचो. आधी मीच वाचायचो. तिला अक्षरं लागायची पण वेग यायचा नाही, आणि शब्द अडायचे. 'चऱ्हाट' म्हणजे काय, तिने चिठ्ठी पुढे करून विचारलं. संपता संपत नाही असं बोलणं, मी सांगितलं. "अच्छा, म्हणजे तुमच्यासारखं," ती म्हणाली आणि चिठ्ठी खाली ठेवली. चौथ्या रविवारी तिने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः वाचायला लागली. अडखळत, हिंदीच्या चालीवर, पण थांबेना. मी स्टुलावर बसून ऐकायचो. मी भावनाविवश माणूस आहे, दर रविवारी आठदहा वेळा रुमाल काढावा लागायचा. एका पानावर एक बाई नवऱ्याचं पत्र न वाचता चुलीत घालते; मी म्हणालो, हेच, इथेच तूर लागली. एका पानावर म्हातारा मास्तर शाळेचं कुलूप चाचपत उभा राहतो; माझा रुमाल निघाला. मेधा नुसती मान हलवायची, पुस्तक कुठल्यातरी चळतीत ठेवायची.

मध्ये एका रविवारी चिटणीस यादी न्यायला आले. त्यांना चिठ्ठ्यांसकट पुस्तकं नको होती. वाचकांच्या मनात पूर्वग्रह निर्माण होतो, म्हणाले. शिवाय कपाटाखाली पाटी लावायची आहे, मजकूर सुचवा. मी सुचवला: 'कुमुद वर्तक. यांनी यातली निम्मी पुस्तकं अर्धवट टाकली.' चिटणिसांनी मेधाकडे पाहिलं, वय झालंय काकांचं अशा नजरेने. मेधा म्हणाली, "बिल्कुल हीच पाटी लावायची असेल तर न्या. नाहीतर पुस्तकं नाही मिळणार." ते चहा न घेता गेले. शिजलेली, कच्ची, अर्धी कच्ची, सगळी आता चिठ्ठ्यांसकट, त्या अंदाजाने परत घालून, राजेंद्रनगरच्या एका वाचनखोलीत आहेत, जिथे आपली लातूर-नांदेड-जळगावची मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. कुलूप नाही. म्हणे सगळ्यात जास्त मागणी अर्ध्या कच्च्यांना आहे: दिवसभर ठरलेला अभ्यासक्रम शेवटपर्यंत वाचावा लागणाऱ्यांना, एका बाईने बिनधास्त काय काय सोडून दिलं हे वाचायला बरं वाटतं. ज्यांना यात कुमुदताईंचा अवमान दिसतो त्यांनी तिथे जाऊन त्या पोरांची तोंडं बघावीत.

गेल्या आठवड्यात मेधाने मला घरी बोलावलं. दोन मेट्रो बदलून आणि एक कॅब करून एकोणिसाव्या मजल्यावर पोहोचलो. सगळं काचेचं, चकचकीत, आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर नवी करकरीत फळी ठोकलेली. तिच्यावर अडतीस पुस्तकं, प्रत्येकात चिठ्ठी परत घातलेली. खाली ते स्टूल. स्टुलावर एक पुस्तक पालथं, जे कुमुदताई गेल्या तेव्हा त्यांच्या हातात होतं. मेधाने ते पहिल्याच दिवशी पर्समध्ये टाकलं होतं, म्हणून माझ्या तावडीतून वाचलं. तिने वाचायला घेतलंय हे बघून मला भरून आलं. आईचं शेवटचं पुस्तक, तू तरी पूर्ण कर, असं मी म्हणालो. "का?" ती म्हणाली. "मला नाही आवडलं. सव्वीसपर्यंत गेले, सोडलं." आणि तिने आत खोचलेली चिठ्ठी दाखवली, आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरातली…

मी फळीकडे बघत राहिलो. स्टूल, ओटा, हाताशी पुस्तकं… एकोणिसाव्या मजल्यावर, पण जागा तीच होती. मग लक्षात आलं की पत्र चुलीत घालणारी बाई तिथे नाही. शाळेचं कुलूप चाचपणारा मास्तर नाही. मी छातीठोकपणे सांगितलेलं एकही पुस्तक त्या फळीवर नव्हतं. आम्ही तर सगळं मिळून ठरवत होतो, मी म्हणालो. आणि तू एवढ्या खात्रीने अडतीस निवडलीस कशी?

मेधा चहा गाळत होती. तिने मान वळवली नाही.

"सोपं होतं, काका. ज्या पानांवर तुम्ही रडलात, ती सगळी पुस्तकं मी आधीच बाद केली."